शब्दचर्चा : कॅलिफोर्नियाच्या सूचनेतली 'विक्री', 'ग्राहक' आणि 'सुगम्य'

भाषांतरवेडी
कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खाजगीपणा कायद्याखालच्या (सीसीपीए) सूचनेचं मराठी करायचं आहे. कंपनी म्हणते, आम्ही डेटा विकत नाही. तरी पानाच्या तळाशी 'डू नॉट सेल ऑर शेअर माय पर्सनल इन्फर्मेशन' ही लिंक आहेच. मग 'सेल'ला 'विक्री' लिहू का? आणि 'शेअर'ला 'सामायिक करणे'?

कलमबहाद्दर
'विक्री'च लिहा, पण व्याख्या लगेच खाली द्या. मराठीत विक्री म्हटलं की पैसे आले. या कायद्यात पैसे 'किंवा इतर मौल्यवान मोबदला' घेऊन माहिती तिसऱ्या पक्षाला दिली, भाड्यानं दिली, नुसती पाहू दिली तरी ती विक्रीच. संकेतस्थळावर जाहिरात कंपनीचा ट्रॅकर (पाहुण्याची हालचाल टिपणारा कोडचा तुकडा) बसवायचा आणि बदल्यात आकडेवारी फुकट घ्यायची, हासुद्धा मोबदला. २०२२ मध्ये सेफोरानं १२ लाख डॉलर भरून तडजोड केली ती याच प्रकरणात : असे ट्रॅकर म्हणजे विक्री असल्याचं सांगितलं नव्हतं आणि ब्राउझरकडून येणारा जीपीसीचा ('माझी माहिती विकू नका' असं आपोआप कळवणारी सोय) नकार-संकेतही पाळला नव्हता. तुमची कंपनी प्रामाणिकपणे 'विकत नाही' म्हणत असेल, पण ट्रॅकरची यादी मागून घ्या. ज्या पुरवठादाराशी कायद्याला हवा तसा, माहितीचा वापर मर्यादित करणारा करार आहे तो 'सेवा पुरवठादार'. त्याला माहिती देणं विक्रीत धरत नाहीत. करार नसेल तर पंचाईत.

'शेअर' ही वेगळीच संज्ञा आहे. एका संकेतस्थळावरची हालचाल पाहून दुसरीकडे जाहिरात दाखवायची, त्यासाठी माहिती देणं. मोबदला असो वा नसो. ती आली २०२० च्या सार्वमतातल्या दुरुस्तीनं, लागू १ जानेवारी २०२३ पासून. मी 'जाहिरातींसाठी देणे' असं लिहितो.

उंबरठा
'सामायिक' नकोच. सामायिक म्हटलं की सातबाऱ्यावरची विहीर आठवते, जिच्यावर सगळ्यांचा हक्क. इथे नेमकं उलट आहे.

कलमबहाद्दर
एक राहिलं. हाच मजकूर व्हर्जिनियाला चालवू नका. तिथल्या कायद्यात विक्री म्हणजे पैशाच्याच मोबदल्यात. कॅलिफोर्नियात 'बिझनेस' म्हणतात त्याच्या जागी व्हर्जिनियात 'कंट्रोलर' असतो, त्याला 'नियंत्रक' रुळलाय. राज्य बदललं की शब्दसूची बदला.

भाषांतरवेडी
आणि 'कन्झ्युमर'? ग्राहक की उपभोक्ता?

उंबरठा
'उपभोक्ता' हिंदीत शोभतो. मराठीत ग्राहक संरक्षण कायदा म्हणतात, तेव्हा 'ग्राहक'. पण इथेही गोची आहे. सीसीपीएतला ग्राहक म्हणजे कॅलिफोर्नियाचा रहिवासी असलेली कोणतीही व्यक्ती. काही विकत घेतलेलं असण्याची अट नाही, आणि चार महिन्यांसाठी पुण्याला आलेली असली तरी ती रहिवासीच. २०२३ पासून कंपनीचे नोकर आणि नोकरीचे उमेदवारही पूर्णपणे यात आले. व्हर्जिनियात नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या नात्यानं वागणारी व्यक्ती ग्राहक धरत नाहीत. म्हणून पहिल्या परिच्छेदात 'या सूचनेत ग्राहक म्हणजे…' हे वाक्य हवंच.

'पर्सनल'ला 'वैयक्तिक' लिहा, 'खाजगी' नको. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) किंवा कुकीचा (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं त्या खुणेच्या फाइलचा) क्रमांक खाजगी वाटत नाही, पण वैयक्तिक माहितीत मोडतो.

नकारघंटा
'ऑप्ट-आउट'ला, म्हणजे माहितीच्या विक्रीला नाही म्हणण्याला, काही जण 'संमती मागे घेणे' लिहितात, ते चूक. संमती कधी मागितलीच नव्हती, मागे काय घेणार? 'नकार नोंदवणे' म्हणा. आणि 'अर्ज' टाळा, 'विनंती' लिहा. अर्ज म्हटला की ओळखपत्र आलं. विक्री थांबवायला ओळख पटवून मागता येत नाही. माहिती पाहणं, दुरुस्ती आणि खोडणं यांसाठी येते. २०२५ मध्ये होंडाला ६,३२,५०० डॉलर दंड झाला, त्यात नकारासाठी गरजेपेक्षा जास्त माहिती मागणं हे एक कारण होतं.

मुदतींतही शब्द सांभाळा. नकार अमलात आणायला १५ 'कामकाजाचे दिवस'. खोडण्याच्या विनंतीची पोच १० कामकाजाच्या दिवसांत, उत्तर मात्र ४५ 'कॅलेंडर' दिवसांत. कारण कळवलं तर आणखी ४५. नुसतं 'दिवस' लिहिलंत तर घोळ होतो.

भाषांतरवेडी
सूचनेत शेवटी 'अ‍ॅक्सेसिबल' आहे. 'सुलभ' चालेल?

कळफलक
सुलभ म्हणजे सोपं (आणि शौचालय). इथे अर्थ असा की अपंग व्यक्तीलाही पोचता, वाचता आणि वापरता आलं पाहिजे. 'सुगम्य' घ्या, केंद्राच्या सुगम्य भारत अभियानामुळे तो ओळखीचा आहे.

ही ओळ शोभेची नाही. सीसीपीएच्या नियमांतच म्हटलंय की ऑनलाइन सूचनांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ (संकेतस्थळं सुगम्य करण्याची मार्गदर्शक तत्त्वं) सारखी मान्य मानकं पाळा. म्हणजे नकाराची लिंक अंध माणसाला सापडली नाही तर खाजगीपणाचा नियमही मोडतो. वर कॅलिफोर्नियाचा भेदभावाविरुद्धचा अनरू कायदा आहे, त्यात उल्लंघनामागे किमान ४,००० डॉलर भरपाई.

मोडतं कुठे, तर बहुधा कुकींना होकार-नकार विचारणाऱ्या पट्टीत. बटण दिसतं, पण कोडमध्ये ते बटण नसतं, म्हणून टॅब दाबत गेलं तरी फोकस तिथे जात नाही. 'स्वीकारा' ठळक आणि 'नकार' फिक्या राखाडीत. साध्या मजकुराला ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो. चालू-बंद फक्त रंगानं दाखवलेलं. आणि 'स्वीकारा' एका क्लिकवर, पण नकाराला तीन, हे तर आणखी एका नियमाविरुद्ध आहे : नकाराची वाट होकारापेक्षा लांब असू नये.

भाषांतरवेडी
मुळात मराठी सूचना कायद्यानं लागते का, की कंपनीची हौस?

कळफलक
कंपनी कॅलिफोर्नियातल्या लोकांशी एरवीचे करार, जाहिराती, विक्रीच्या घोषणा मराठीत करत असेल तर सूचनाही मराठीत लागते. एरवी नाही. आणि मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी नोंदवायला सांगा. तिथे इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर (अंध व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) इंग्रजी आवाजातच देवनागरी वाचायला जातो. काही आवाज अक्षरं गाळतात, काही एकेक अक्षराचं नाव घेतात. इंग्रजी लिंक तशीच ठेवणार असाल तर तेवढ्या तुकड्याला वेगळी भाषा द्या. बटणाचं अदृश्य लेबलही (जे फक्त स्क्रीन रीडर वाचतो) भाषांतरात घ्या. ते भाषांतरासाठी मिळणाऱ्या एक्सेलच्या फाइलमध्ये येत नाही, डेव्हलपरकडून मागून घ्यावं लागतं.