मदत हवी आहे: आईच्या वरच्या जबड्यात हाड कमी, इम्प्लांटसाठी तीन डॉक्टरांचे तीन सल्ले

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची, साताऱ्यात असते. वरच्या दोन्हीकडच्या दाढा-उपदाढा जाऊन बरीच वर्षं झाली. पायोरिया होता, एकेक हलायला लागली, एकेक काढली. समोरचे सहा दात मात्र सुळ्यांसकट घट्ट आहेत. खालचे बहुतेक सगळे आहेत. तारेच्या क्लिपांची कवळी आहे, ती लग्नकार्यात तोंडात आणि जेवताना वाटीत. भाकरी दुधात कुस्करून खाते. आता स्वतःहूनच म्हणाली, पक्के दात बसवून घेऊ. म्हणजे इम्प्लांट, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात.

सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन झाला. उजव्या पहिल्या दाढेच्या जागी हाडाची उंची ३ मिमी, डावीकडे ६. उपदाढांच्या जागी १० ते ११. उजव्या सायनसचं (दाढांच्या वरच्या, नाकाला जोडलेल्या पोकळीचं) अस्तर जाड झालंय, असंही रिपोर्टात लिहिलंय. आता सल्ले ऐका.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, उजवीकडे बाजूने हाडात खिडकी करून सायनस लिफ्ट करायची, म्हणजे अस्तर वर उचलायचं, खाली हाडाची पावडर भरायची, सहा-आठ महिने थांबायचं, मग इम्प्लांट आणि आणखी काही महिन्यांनी दात. डावीकडे खालूनच थोडं उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट.

पुण्यातले दुसरे (यांच्या जाहिराती सारख्या दिसतात) म्हणतात बेसल इम्प्लांट, तीन दिवसांत दात, पावडर नाही, थांबणं नाही. फक्त समोरचे सहाही दात काढायचे. आई तिथल्या तिथे पर्स घेऊन उठली.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढांचा आग्रह सोडा. दोन्ही बाजूंना उपदाढांपुरते दोन-दोन इम्प्लांट, मागचं तिरकं घालू, सायनसला हात लावायला नको.

स्कॅन एकच, तोंड एकच. मग इतका फरक कसा? निवड कशावरून करायची? खर्चाचं नंतर बघू, आधी बरोबर काय ते कळू दे.

आणखी माहिती: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेते. मिश्री सोडली आहे. आणि ती माळकरी आहे. पावडर गाईच्या हाडाची असते हे कळल्यापासून पहिल्या सल्ल्याचं नावही काढू देत नाही.

---

गवतीचहा: माझी स्वतःची एका बाजूची खिडकीवाली सायनस लिफ्ट झाली आहे. ऐकायला भयंकर वाटते, पण दाढ काढण्यापेक्षा फार वेगळी नव्हती. गाल सुजला, डोळ्याखाली निळं पडलं, ओसरलं. खरा त्रास पथ्याचा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. आमच्याकडे तेव्हा रंगकाम चालू होतं, काय सांगू! आईंना सर्दीचा त्रास असेल तर पावसाळ्यात नका करू.

खडूस काका: तीन दिवसांत दात म्हणजे तीन दिवसांत पैसे. बाकी चालू द्या.

दातवाला: मी दंतवैद्य आहे, पण तपासल्याशिवाय कुणाची बाजू घेणार नाही. फरक का पडतो ते सांगतो.

वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की हाड दोन्हीकडून कमी होतं, खालून झिजतं आणि वरून सायनस खाली उतरतो. त्यात वरच्या जबड्याचं मागचं हाड मुळातच भुसभुशीत. ढोबळमानाने ८-१० मिमी उंची असेल तर साधं इम्प्लांट बसतं, ५ ते ८ मध्ये खालून थोडं उचलून जमतं, त्याहून कमी असेल तर खिडकी. ३ मिमी हाडात इम्प्लांट स्वतःच्या बळावर उभं राहत नाही, म्हणून आधी हाड, मग इम्प्लांट. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं गणित पुस्तकाप्रमाणे आहे. खिडकीची पद्धत १९८० पासून लिहिली गेलेली आहे, प्रयोग वगैरे नाही.

तिसरा सल्लाही कमअस्सल नाही. उपदाढांपर्यंत दात असले तरी पुष्कळांचं नीट भागतं, हे नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१ मध्येच मांडलं. तिरकं इम्प्लांट सायनसच्या पुढच्या भिंतीला समांतर जातं, तिथलं हाड वापरतं. ६६ वर्षांच्या, साखर असलेल्या बाईसाठी कमी चिरफाड हा मोठा मुद्दा आहे.

बेसलबद्दल एवढंच. ते हाडाच्या कडक थरात धरतात, म्हणून लगेच दात देता येतात. पण त्यासाठी सहा घट्ट दात काढायचे? आईंनी पर्स उचलली ते योग्यच केलं.

मला खटकतंय ते वेगळंच. तिघांनीही हाडापासून सुरुवात केली. दात कुठे हवेत ते आधी ठरतं, मग त्याखाली हाड आहे का ते बघायचं. वरच्या दाढा इतकी वर्षं नाहीत, म्हणजे खालच्या दाढा वर आल्या असण्याची शक्यता आहे. कधी कधी नवा दात बसायला उंचीच उरत नाही, आणि लिफ्ट करून झाल्यावर ते लक्षात येतं. दोन्ही जबड्यांची मापं घेऊन मेणाचे दात लावून पाहिले का, हे तिघांनाही विचारा. उत्तर देताना कोण अडखळतो ते बघा.

आता इंजेक्शन. वर्षातून एकदा म्हणजे बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड. दात काढल्यावर किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर हाड उघडं पडून न भरण्याचा धोका या औषधांनी असतो. कॅन्सरच्या रुग्णांना देतात त्या मात्रेला तो बराच जास्त, ठिसूळपणाच्या मात्रेला कमी, पण शून्य नाही. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. किती वर्षं घेतायत, शेवटचं कधी झालं, हे लिहून दाताच्या आणि हाडाच्या दोन्ही डॉक्टरांना द्या, त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. आणि ते सहामाही डेनोसुमॅब (ठिसूळ हाडांसाठीचंच दुसरं इंजेक्शन) निघालं तर मनाने डोस पुढे ढकलू नका. ते थांबलं की मणके मोडायचा धोका वाढतो.

माजघर: मिश्रीचं पुन्हा विचारा. माझ्या सासूबाईंनीही सोडली होती, डबी कपाटात पातळांच्या घडीत सापडली.

शिंत्रे_नको: गाईच्या हाडाच्या पावडरीबद्दल. आम्हीही हाच प्रश्न विचारला होता. पर्याय आहेत, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे कृत्रिम. शिवाय स्वतःचं हाड, हनुवटीचं किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागाचं. पण तेवढ्यावर थांबू नका. खिडकी झाकायला जो पडदा लावतात तो कोलॅजनचा असतो, बऱ्याचदा डुकराचा किंवा गाईचा. हे कुणी आपणहून सांगत नाही. त्याऐवजी रुग्णाच्याच रक्तातून काढलेला पीआरएफ काही डॉक्टर वापरतात. डब्यावरचं लेबल दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

दातवाला: बरोबर. भर इतकीच की गाईची पावडर फार हळू विरघळते म्हणून भरलेली उंची टिकते. ट्रायकॅल्शियम लवकर विरघळतं. त्यामुळे कृत्रिम घेतली तर मिश्रण कोणतं आणि थांबायचं किती, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण आईंनी नको म्हटलंय ना, मग तो विषय संपला. तिसरा सल्ला तर पावडरीशिवायच आहे.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. माजघर, डबी सापडली. देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. यावर घरात सध्या शांतता आहे.

इंजेक्शन झोलेड्रॉनिकच आहे, हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आहे. मेणाचे दात कुणीच लावून बघितले नव्हते. तिसऱ्या डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मापं घेतायत. नेहमीचे डॉक्टर जरा नाराज झालेले दिसले.

सायनसच्या जाड अस्तरासाठी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्कॅन बघायला मागितला, तर आमच्याकडे फक्त छापील फिल्म. सेंटरने मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यायला आधी कुरकुर केली, मग दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले की सायनसचं तोंड मोकळं आहे, पण अस्तर जाड का झालं ते आधी शोधू. तोवर लिफ्ट नको.

आता एकच विचारतो. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायरचं दंत महाविद्यालय, इथे कुणी घरच्यांचं इम्प्लांट करून घेतलं आहे का? साताऱ्याहून दर वेळी जाणं झेपेल का, की मापं आणि दात इथे आणि फक्त शस्त्रक्रिया तिथे, असं चालतं?