जिमच्या होर्डिंगनं आमची पोरं बिघडवली का?

रंकाळाकाठ: राजारामपुरीत जिकडं बघावं तिकडं जिमची होर्डिंगं. उघडाबंब, तेल चोपडलेला, पोटावर सहा वड्या पाडलेला गडी. आमच्या गल्लीतला अकरावीचा पोरगा तसं पोट नाही म्हणून पोहायला गेला तरी शर्ट काढत नाही. अहो, त्या मॉडेलनं शूटिंगआधी पाणी तोडलेलं असतं, डंबेल मारून दंड फुगवलेले असतात, वर फोटोशॉप. आठवड्यानं तो स्वतःसुद्धा तसा दिसत नसेल. अशा फोटोवर ‘फेरफार केलेला’ असं छापायची सक्ती करा. फ्रान्समध्ये मॉडेलच्या जाहिरातींना ती 2017 पासून आहे.

तांबडी माती: भावा, अंगाचं वेड कोल्हापूरला नवीन हाय व्हय? शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान कशाला बांधलं मग? पोरगं मावा चघळत टपरीवर बसण्यापेक्षा जिमला जातंय, बरंच की.

रंकाळाकाठ: वस्ताद, गल्लत होतीय. तालमीतलं अंग कुस्तीसाठी. जड वजनाच्या पैलवानाचं पोट सुटलेलं असलं तरी कुणी नाक मुरडत नाही, डाव कसा टाकतो ते बघतात. मोडलेला कान तर मिरवतात! होर्डिंगवरच्या अंगाला काम काय? नुसतं दिसायचं.

तांबडी माती: आणि बारक्या पोराला ‘काडी पैलवान’ कोण म्हणतं? होर्डिंग?

पेठेतली सून: दोघंही पोरांचंच बोलताय. सावळ्या माणसाला दुःखी, नाकारलेलं दाखवायचं नाही, असा नियम जाहिरात मानक परिषदेनं 2014 ला केला. 2020 ला ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. बायोडाटातला ‘वर्ण’ मात्र हलला नाही. नणंदेच्या स्थळासाठी फोटो काढला, तर स्टुडिओवाल्यानं न विचारता रंग उजळून दिला आणि घरात सगळ्यांना तोच आवडला. तिला सोडून. म्हणून माती भाऊंचं निम्मं पटतं. दुखणं घरचंच, जाहिरातवाल्यानं उचलून विकलं. पण दिवसभर फोनमध्ये तेच डिवचत बसतो, त्याला मोकळं कसं सोडायचं?

लोखंडवाला: माझी छोटी जिम आहे. पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात, ‘तीन महिन्यांत असं करून द्या.’ नाही म्हटलं की दुसरीकडं जाऊन इंजेक्शन टोचून घेतात. स्टिरॉइडनं हृदयाला धोका, वृषण आक्रसतात, हे त्यांना कोण सांगणार? आणि रंकाळाकर, तुमची ती सक्ती इथं लंगडी पडते. स्टिरॉइडवर कमावलेलं अंग फोटोत असतं तसंच समोर असतं. त्यात फेरफार कुठला दाखवणार?

रंकाळाकाठ: हे डोक्यात आलं नव्हतं. पण तुमच्या दारावर फोटो कुणाचा लावलाय?

लोखंडवाला: परदेशी बॉडीबिल्डरचा. मशीनसोबत आलेला.

पेठेतली सून: काढा की मग!

लोखंडवाला: ताई, समोरच्यानं त्याच्यापेक्षा मोठा लावलाय.