मदत हवी आहे: हायवेकडच्या खिडकीतून हवा आत घ्यायची आहे, आवाज बाहेर ठेवायचा आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

प्रश्न आईच्या खोलीचा आहे. आम्ही मुंबई नाका ते द्वारका चौक या पट्ट्यात सर्व्हिस रोडला लागून राहतो. तिसरा मजला, त्यामुळे उड्डाणपूल जवळपास खिडकीच्या उंचीला येतो. दिवसाबद्दल काही म्हणणं नाही, पण रात्री अकरानंतर जड वाहनं सुरू होतात. कांद्याचे ट्रक, कंटेनर, ट्रॅव्हल्सच्या बसेस. पुलाच्या सांध्यावरून मागचं चाक गेलं की धाड-धाड असे दोन ठोके येतात, आणि खालून द्वारकेकडे जाणाऱ्यांचे एअर हॉर्न. खिडकी उघडी ठेवली तर आईला झोप लागत नाही. बंद केली तर पहाटे तीनच्या सुमारास घामाघूम होऊन उठते आणि सकाळभर तिचं डोकं जड असतं. वय ७४ आहे. तिच्या झोपेचं हे असं चालू राहणं मला बघवत नाही.

एसीचा सल्ला सगळ्यांनी दिला आहे, म्हणून आधीच सांगते. गार झोतात तिचे गुडघे आखडतात. शिवाय साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. आणि मुख्य म्हणजे हे नाशिक आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० पर्यंत गेला तरी मध्यरात्रीनंतर हवा उतरते. बाहेर इतकी चांगली हवा असताना ती काचेपलीकडे अडवून आत वीज जाळायची, हे मनाला पटत नाही.

खिडकी ४ बाय ४ फूट, अ‍ॅल्युमिनियमची तीन ट्रॅकची सरकती, दोन काचा आणि एक जाळी. खोली ११ बाय १२, उंची साडेनऊ फूट. मोबाइलच्या अ‍ॅपवर रात्री खिडकी उघडी असताना ६४ डेसिबल दिसतात, बंद असताना ४७. अ‍ॅपचा आकडा तंतोतंत नसतो याची कल्पना आहे, पण दोन्हींमधला फरक तरी कळतो. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्याकडे काच लावूनही खोलीच्या आत ती गाठली जात नाही.

वरच्या काचेत एक ८ इंची एक्झॉस्ट आहे. दुकानदाराने ‘सायलेंट’ म्हणून दिला. बंद असला तरी त्याच्या झडपांतून रस्ता ऐकू येतो, चालू केला की काच थरथरते, आणि रेग्युलेटरने वेग कमी केला की मोटर गुणगुणायला लागते. त्यामुळे तो आता नुसता बसवलेला आहे.

मला असं काही हवं आहे की जे खिडकीतच बसेल, भिंत फोडावी लागणार नाही (सोसायटी परवानगी देत नाही), हवा आत ढकलेल आणि आवाज अडवेल. परदेशात असे तयार ‘साउंडप्रूफ व्हेंटिलेटर’ मिळतात असं वाचलं, पण नाशिकमध्ये कुणाकडे पाहिलेले नाहीत. इथे कुणी बनवून घेतलं आहे का? मुळात हे शक्य आहे का? हवेला वाट दिली की आवाजालाही वाट मिळणारच, हे मला डोक्यातून काढता येत नाही.

आगाऊ धन्यवाद.

गंगापूररोडकर:
पंखा हायवेकडच्याच खिडकीत का हवा? घराच्या मागच्या बाजूने हवा घ्या आणि आईंच्या खोलीचं दार उघडं ठेवा. फुकटात काम होईल.

धागाकर्ती:
दादा, मागे स्वयंपाकघर आहे आणि त्याची खिडकी सांडपाण्याच्या डक्टमध्ये उघडते. तिथली हवा आईच्या खोलीत आणावीशी वाटत नाही. दुसरी बेडरूम बाजूच्या इमारतीकडे आहे, मधे हातभर अंतर. तिथून हवा बाहेर जाऊ शकते, आत विशेष येत नाही.

कॅनोपीवाला (अंबड):
ताई, शक्य आहे. मी बरीच वर्षं अंबडला जनरेटरच्या कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणारी बंद खोकी, बनवण्याच्या कामात होतो. तुमचा प्रश्न आणि आमचं काम एकच आहे, फक्त दिशा उलटी. जनरेटरला भरपूर हवा लागते, नाहीतर तापून बंद पडेल, पण आवाज १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे हवा जाऊ द्यायची आणि आवाज अडवायचा, हे रोज होतं.

युक्ती अशी. आवाज आणि हवा दोघंही वळणातून जातात, पण आवाज वळणावर ज्या भिंतीला धडकतो ती मऊ, सच्छिद्र असेल तर तिथे त्याची शक्ती खर्च होते. हवेला मात्र थोडा जादा दाब दिला की ती निघून जाते. म्हणून सरळ भोक कधीच ठेवायचं नाही. बाहेरच्या तोंडातून बघितलं तर आतलं तोंड दिसता कामा नये.

तुमच्या खिडकीत असं करा. एक काच १४ इंच सरकवून त्या पट्टीत, खोलीच्या आतल्या बाजूने, उभं खोकं बसवा. रुंदी १४, खोली १२, उंची पूर्ण ४८ इंच. १८ मिमी प्लायचं. पातळ पत्रा घेऊ नका, तो स्वतःच वाजतो. बाहेरची हवा तळाशी आत येईल, खोक्यातून वर चढेल आणि माथ्यावरून खोलीत सुटेल. चारही बाजूंना आतून २ इंच रॉकवूल (दगडी तंतूंची मऊ लादी), ४८ घनतेचं म्हणजे घनमीटरला ४८ किलो, वर काळा टिश्यू (तंतू अडवणारं पातळ कापड) आणि त्यावर भोकांचा पत्रा. मधोमध २ इंचाची तशीच एक उभी फळी घाला. दोन गल्ल्या तयार होतील, प्लायची जाडी न धरता प्रत्येक १० बाय ३ इंच. गल्ली अरुंद असली की आवाज जास्त शोषला जातो. रुंद ठेवली तर मधल्यामधून निसटतो.

टिश्यू विसरू नका. रॉकवूलचे तंतू सुटले तर ते आईंच्या श्वासात जातील. खाजेचा त्रास नको असेल तर पॉलिएस्टर फायबरचे बोर्ड मिळतात, तेही चालतील. पण स्टुडिओत लावतात तो अंड्याच्या ट्रेसारखा फोम अजिबात नको. तो पेटला की विषारी धूर होतो, आणि इथे शेजारी पंख्याची मोटर आहे.

पंखा पाती दिसणारा साधा एक्झॉस्ट घेऊ नका. त्याला मोकळी हवा ढकलता येते, पण वळण आणि फिल्टर आला की दम सुटतो. ६ इंची इनलाइन डक्ट फॅन (नळीच्या मधे बसणारा) घ्या, मिक्स्ड फ्लो, ईसी किंवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी विजेच्या) मोटरचा. मोकळ्यावर २५०-३०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा) असतो. तो जरा मोठा वाटेल, पण मोठा घेऊन हळू चालवायचा. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि वीज जवळजवळ आठव्या भागावर येते. लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

आणि पंखा खोक्याच्या बाहेरच्या तोंडाशी, तळाला ठेवा. म्हणजे रस्त्याबरोबर त्याचा स्वतःचा आवाजही अस्तरातून गाळून येईल. रबरी बुशवर टांगा, काचेला किंवा फ्रेमला थेट स्क्रू नको.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हॉर्न, टायरचा सूं-सूं, ब्रेक, हे चांगले कापले जातील. पुलाच्या सांध्याचा तो धाड-धाड आणि डिझेलचा खोल घुमारा मात्र कमी फ्रीक्वेन्सीचा असतो. २ इंचाचं अस्तर त्याला फार रोखू शकत नाही. कुणी ‘शंभर टक्के साउंडप्रूफ’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

सेक्शनवाला:
खोक्याच्या आधी खिडकीच बघा. सरकत्या खिडकीत दोन शटर एकमेकांवर येतात तिथला ब्रश झिजलेला असतो, आणि खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात. तुमची खिडकी २३०४ चौरस इंच. तिच्या १ टक्का, म्हणजे २३ चौरस इंच फट राहिली तरी कितीही जाड काच लावा, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. २३ चौरस इंच म्हणजे एका उभ्या कडेला अर्धा इंच फट, बस. सगळ्या बारीक फटी मिळून इतकं सहज होतं, दिवसा लक्षातही येत नाही. रात्री खोलीत अंधार करून बघा, पुलाचे दिवे कुठून झिरपतात. मग नवा वूलपाइल ब्रश (शटरच्या कडेची लोकरी पट्टी) घाला, स्वस्त काम आहे. न वापरायचा एक्झॉस्ट काढून तिथे काच बसवा. पाण्याची भोकं मात्र बुजवू नका, पावसाळ्यात ट्रॅक भरून पाणी घरात येईल.

पाथर्डी फाटा:
तुमच्याकडे गॅस गिझर आहे का? असेल तर हवा बाहेर ओढणारा पंखा बंद घरात लावू नका. घरात हवा कमी झाली की गिझरचा धूर उलटा आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवा आत ढकलणारा पंखा त्या मानाने सुरक्षित, पण गिझरच्या बाथरूमचा झरोका उघडाच हवा.

वास्तुरचना शिकतेय:
हाँगकाँगमध्ये रस्त्याकाठच्या काही सरकारी इमारतींत याच तत्त्वावर पूर्ण खिडक्याच आहेत. काचेचे दोन थर, मधे अंतर, बाहेरच्या थराचं उघडं तोंड एका टोकाला आणि आतल्याचं दुसऱ्या टोकाला. हवा मधल्या पोकळीतून वळून आत येते. पंखाही लागत नाही. फक्त त्यासाठी बाहेर वारा हवा, आणि तुमच्या ग्रिलमध्ये दुसरा थर बसेल का ते बघावं लागेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. अंधार करून बघितलं. दोन शटर मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत प्रकाशाची रेघ दिसली, आणि एक्झॉस्टच्या झडपांतून तर पुलाचे दिवे मोजता येत होते. ब्रश बदलायला आणि तिथे काच बसवायला सांगितलं आहे. गिझर विजेचा आहे. बाहेर दुसरा थर बसणार नाही, ग्रिलवर आईच्या कुंड्या आहेत.

काका, तुमच्या मापांवर थोडा हिशोब केला, चुकत असेल तर सांगा. खोली साधारण १२५० घनफूट. आई आणि रात्री सोबत झोपणारी मी, दोघींच्या श्वासापुरती हवा ४० सीएफएममध्ये भागेल. पण मे महिन्यात खोली गार करायची तर तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे २०० च्या वर. बाहेरची हवा ५ अंशांनी गार असली तर २०० सीएफएममधून जेमतेम ५५०-६०० वॉटचा गारवा येतो. एक टनाच्या एसीचा ३५०० वॉट. म्हणजे हे एसीचं काम करणार नाही, हे मी धरून चालते. आईला गारठा नकोच आहे, घुसमट नको आहे.

दोन शंका. हायवेची काजळी फार. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं तर काळं होतं. फिल्टर कुठे आणि कोणता? आणि आत आलेली हवा बाहेर कुठून जाईल?

कॅनोपीवाला (अंबड):
ताई, हिशोब बरोबर. दोन्ही गल्ल्या मिळून ६० चौरस इंच, २०० सीएफएमला हवेचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर येतो. झोपायच्या खोलीत याच्यावर नेऊ नका, मग हवाच सूं करायला लागते. बहुतेक रात्री ८०-१०० वर चालवाल, तेव्हा ऐकूही येणार नाही.

फिल्टर पंख्याच्या आधी, बाहेरच्या तोंडाशी. पहिली बारीक जाळी डासांसाठी, मग धुता येईल असा फिल्टर, मग गाडीच्या एसीचा प्लीट्सवाला केबिन फिल्टर. कोणत्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. शक्य तितका मोठा घ्या, क्षेत्र जास्त असलं की हवा अडत नाही. तळाला बिजागरीचं झाकण ठेवा, कडेला रबर गॅस्केट लावून, म्हणजे काढघाल आईंनाही करता येईल. तुमच्या इथे लवकर भरेल, काळा झाला की बदला, तारखेची वाट बघू नका.

बाहेरच्या तोंडावर खाली तोंड केलेलं पत्र्याचं छज्जं, आतून अस्तर लावलेलं. पावसाचं पाणी अस्तराला लागलं की ते निकामी होतं आणि बुरशी धरते. तळाच्या फळीला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

हवा जायची सोय: ८०-१०० साठी दाराखाली पाऊण इंच फट पुरेल. २०० वर चालवाल त्या रात्री आईंचं दार उघडं आणि बाजूच्या बेडरूमची खिडकी थोडी उघडी. तुम्ही म्हणालात तिथून हवा बाहेर जाते, तीच वाट.

प्लाय कापायच्या आधी ट्रॅकची आतली रुंदी दोन ठिकाणी मोजा, वर आणि खाली. जुन्या इमारतींत फ्रेम क्वचितच काटकोनात असते. रॉकवूल सुटे स्लॅब देणारे अंबडला, सातपूरला इन्सुलेशनचं काम करणारे आहेत. पूर्ण बंडल लागणार नाही, उरलेले तुकडे मागा, देतात.

धागाकर्ती:
काका, फ्रेम मोजली. वर आणि खाली जवळपास पाव इंचाचा फरक आहे. खोकं लहान मापाचं करून कडेला गॅस्केट भरावं की फ्रेमप्रमाणे तिरकं कापावं?

कॅनोपीवाला (अंबड):
लहान मापाचं, सरळ कापा. फटीत दाबून बसणारी ईपीडीएम रबराची पट्टी, बाहेरून सिलिकॉन. उद्या कधी काढावं लागलं तर निघायला हवं.