टँकरच्या पाण्यासाठी गोल हौद : उंची किती ठेवावी?

प्रश्न (आष्टी, जि. बीड): उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर १२,००० लिटरचा टँकर येतो. ते सगळे पाणी एकाच वेळी मावेल असा गोल हौद बांधायचा असून, जागेच्या अडचणीमुळे त्याचा आतला व्यास २.८ मीटरच ठेवता येतो. भिंतीची उंची कशी काढावी?

उत्तर १ (लातूर): वृत्तचितीचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणून घनफळाला तळाच्या क्षेत्रफळाने भागले की उंची मिळते. मात्र आधी लिटरचे घनमीटर करावेत. १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर, म्हणजे आपले पाणी १२ घनमीटर. त्रिज्या १.४ मीटर, तिचा वर्ग १.९६, त्याला २२/७ ने गुणल्यास ६.१६ चौरस मीटर. १२ भागिले ६.१६ म्हणजे सुमारे १.९५ मीटर. ही केवळ पाण्याची उंची झाली. काठापर्यंत पाणी भरणे बरे नव्हे, तेव्हा भिंत २.१० मीटर तरी धरावी.

उत्तर २ (परभणी): हिशेब बरोबर आहे, पण गवंडी पुष्कळदा बाहेरून फीत लावतो. भिंत १५ सेंटीमीटर जाडीची असेल तर बाहेरचा व्यास ३.१ मीटर भरतो, आणि तोच सूत्रात घातला तर उंची १.५९ मीटरच येते. तेवढ्या हौदात जेमतेम ९,८०० लिटर पाणी मावेल. उरलेले, टँकरवाला थांबणार नसल्याने, मातीत जाईल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आखणी करताना आतूनच माप धरायला सांगतो.