क्षयाच्या गोळ्या चालू असताना: तुमचे अनुभव लिहा

मावशीचा टीबीचा कोर्स नुकताच संपला. डॉक्टर सगळं सांगत होतेच, पण तिला खरा धीर आला तो याच गोळ्या घेऊन बरं झालेल्यांशी बोलून. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः औषध घेतलं किंवा घरात कुणाला दिलं, त्यांनी जरूर लिहा.

आमचं सांगते. थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीचे जंतू आणि औषध लागू पडेल का, हे यंत्रावर बघतात) झाली, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असं कळलं आणि नेहमीचा सहा महिन्यांचा कोर्स ठरला. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. गोळ्या किती, ते वजनावर. मावशी ४२ किलोची, म्हणून रोज तीन. "एवढी औषधं कशाला गं?" असं ती सारखी विचारायची. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी तिला नीट समजावलं: एकच औषध दिलं तर त्याला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरतात आणि मग तेच वाढतात.

यंत्रमागवाला, इचलकरंजी
पहिल्याच दिवशी लघवी केशरी! रक्त पडतंय असं वाटून जीव अर्धा झाला. बनियनला काखेतसुद्धा तसलेच डाग. आशाताई म्हणाल्या, रिफाम्पिसिनचा रंग आहे, घाबरू नका. हे आधीच कुणीतरी सांगायला पाहिजे राव. पुढं सांधे धरले, ते पायराझिनामाइडनं. डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली, कोर्स चालूच ठेवला.

सुमेधा
केशरी लघवीमुळे एक धोका झाकला जातो, तो लिहिते. माझ्या भावाला तिसऱ्या आठवड्यात अन्नाचा वास नकोसा झाला, मळमळ, उलट्या. लघवीचा रंग आधीच बदललेला, त्यामुळे काविळीची शंका कुणालाच आली नाही. आईनं उजेडात त्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली तर बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळं धमक. त्याच दिवशी दवाखाना. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि तपासण्या सुधारल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू केलं. शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा आम्ही दिला नाही, दारू तर पूर्ण बंद. भूक गेली, उलट्या होतायत, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.

निवृत्त मास्तर, बार्शी
मंडईत लाल आणि हिरवी मिरची सारखीच मळकट दिसू लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं घरचे म्हणाले. डॉक्टरांना सांगताच त्यांनी इथॅम्ब्युटॉल बंद करून डोळे तपासायला पाठवलं. नजर हळूहळू सुधारली. मधुमेहही आहे, रिफाम्पिसिननं साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, म्हणून त्याही बदलून दिल्या. आधीपासूनची सगळी औषधं पिशवीतून डॉक्टरांपुढे ठेवा.

अनामिक
बायकांसाठी: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळीवरही भरवसा राहत नाही. दुसरा उपाय विचारून घ्या. हे विचारायला लाजू नका गं.

पनवेलकर
चुलतभावाला दोन महिन्यांत बरं वाटलं, खोकला गेला, कामावर रुजू झाला आणि गोळ्या सोडल्या. वर्षभरानं आजार परतला तो रिफाम्पिसिनला दाद न देणारा. आता बेडाक्विलिन, लिनेझोलिड वगैरे चालू आहे. लिनेझोलिडनं तळपायांना मुंग्या येतात, रक्त वरचेवर तपासावं लागतं. पहिल्या गोळ्या यापेक्षा कितीतरी सोप्या होत्या हो.

नवी आई
सासऱ्यांना टीबी निघालाय. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. तिला काही द्यावं लागतं का?

धागाकर्ती
@नवी आई, हो, तिला आजच्या आज आरोग्य केंद्रात न्या. आधी तिला आजार नाही ना हे तपासतात, मग प्रतिबंधक औषध वजनाप्रमाणे देतात. सासऱ्यांच्या गोळ्या मोडून तिला देऊ नका. आणि निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी नोंद) नोंदणी करताना सासऱ्यांचं बँक खातं जोडा. पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात. आमच्याकडे त्यात अंडी आणि शेंगदाणे यायचे.