'विसरण' की 'मुरणं'? आणि 'विषमदिक्'चं काय करायचं?

रंकाळाकाठ
भाचीच्या प्रबंधाचा मराठी सारांश माझ्या गळ्यात पडलाय. विषय: बारीक छिद्रांत कोंडलेल्या कणांचं डिफ्यूजन (दाटीकडून विरळ जागेकडं आपोआप पसरणं), आणि ज्या पदार्थांत ते सगळ्या दिशांना सारखं होत नाही त्यांतलंही. शाळेतलं 'विसरण' आठवलं, ते वापरून लिहिलं, "लाकडात ओलाव्याचं विसरण उभ्या तंतूंच्या दिशेनं झपाट्यानं होतं, आडवं फार सावकाश." सासूबाईंनी वाचलं नि विचारलं, "ओलावा काय विसरला गं?"
तर विसरणाला सरळ कळेल असा शब्द आहे का? आणि असल्या पदार्थाला 'विषमदिक्' म्हटलं तर चालेल का?

बिंदूचौक
सासूबाईंना सांगा, दोन्ही 'विसर' वेगळ्या घरचे. विसरणे आलं 'वि+स्मृ'वरून, विस्मरणाचं भावंड. विसरण 'वि+सृ'चं, 'प्रसरण'मध्ये आहे तोच धातू. शब्द उत्तम आहे, बदलू नका.

उद्यमनगरी
उत्तम आसंल, पर बोलतंय कोण? आमच्याकडं गियर 900 अंशाच्या वर भट्टीत तापवून वरच्या थरात कार्बन घालत्यात. विचारायचं काय, तर "केस किती आली?" केस म्हंजे कार्बन गेलेला वरचा थर. नव्या पोरांना मी सांगतो, लोणच्यात मीठ मुरतंय तसा पोलादात कार्बन मुरतोय. आणि दुप्पट खोल मुरवायचा तर दुप्पट न्हाई, चौपट वेळ भट्टी चालवायची. विसरण म्हटलो तर पोरं भट्टी बंद करायची विसरतील.

फोडणीवाली
'मुरणं'ला माझं मत. कैरीची फोड महिन्यानं आतपर्यंत खारट लागते, ते दुसरं काय आहे?

बिंदूचौक
फोडीचं मान्य. पण शेतात पाणी मुरतं ते विसरण नव्हे! ते वजनानं खाली जातं आणि मातीच्या बारीक भोकांत केशाकर्षणानं ओढलं जातं. विसरणात कुणी कुणाला ओढत नाही. कण आपापले वेडेवाकडे धडपडत असतात, आणि दाटीकडून विरळ जागेकडं जाणारे जास्त भरतात, एवढंच. शिवाय 'कुठंतरी पाणी मुरतंय' म्हटल्यावर मराठी माणूस चौकशी समिती नेमतो. प्रबंधात मुरणं नको.

मागवाला
विषमदिक् बद्दल. इचलकरंजीत आयुष्य गेलं. जाड ताणा आणि बारीक बाणा असलेल्या कापडावर शाई सांडली की डाग गोल न होता लांबट होतो. 'उभंआडवं वेगळं' एवढं लिहा की.

बिंदूचौक
अहो, तेही केशाकर्षणच!

मागवाला
डाग लांबट आहे ना? मग झालं.

रंकाळाकाठ
उदाहरण घेते, आभार. भाची म्हणते तिच्या पदार्थाला दोनच दिशा नाहीत, म्हणून 'उभंआडवं' पुरत नाही. आणि 'कोंडलेले' की 'सीमित'?

शब्दवेडी
सीमित नको, ते सरकारी वाटतं. आमची आजी माळ्यावर सामान वाढलं की म्हणायची, "लई अडचण झालीया." अडचण म्हणजे मुळात दाटीची जागा, संकट नंतरचं. 'अडचणीतलं विसरण' लिहा!

बिंदूचौक
म्हणजे कणांनी कर्ज काढलं असं वाटेल.

शब्दवेडी
वाटू दे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग बघा. पुढच्याला ओलांडता येत नाही, पुढचा सरकला तरच आपण. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या बारीक नळ्यांत काही रेणूंचं तेच होतं. मोकळ्यात दुप्पट लांब जायला चौपट वेळ, हे उद्यमनगरींनी सांगितलंच. पण एकमेकांना ओलांडता न येणाऱ्या लांबच लांब रांगेत सोळापट! ही अडचण नव्हे तर काय?

उद्यमनगरी
सोळापट लईच कमी सांगितला. अष्टमीला या एकदा.

नवाकोल्हापूर
एवढी मारामारी कशाला? 'डिफ्यूजन' ठेवा. टेबल, स्टेशन, गियर चालतं, मग हेच का नाही? ते तरी इंग्रजांचं कुठं आहे, लॅटिनमधून उचललंय. ओतून पसरवणं, एवढाच अर्थ.

बिंदूचौक
याच गावात राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव जूलियन मराठीतून फारसी काढा म्हणत होते. आणि तुम्ही इंग्रजी आत घ्या म्हणता!

नवाकोल्हापूर
त्याच जूलियनांच्या आधीच्या कविता फारसी शब्दांनी भरल्यात, त्या कोण वाचणार? आणि 'फारसी काढा' हे वाक्य ज्या कागदावर लिहिलं तो 'कागद' कुठला?

बिंदूचौक
विषय भरकटवू नका.

फोडणीवाली
विषय लोणच्याचा होता.

रंकाळाकाठ
विषय विषमदिक् चा होता! उद्या सकाळी द्यायचंय. सध्या 'विसरण' ठेवलंय, पहिल्यांदा येतं तिथं 'कणांचं आपोआप पसरत मुरणं' असं जोडलंय. 'विषमदिक्' लिहू की नको, तेवढं सांगा.

बिंदूचौक
लिहा, पण शेवटच्या क चा पाय मोडा. 'विषमदिक' असं लिहिलं तर मी सारांश वाचणार नाही.

रंकाळाकाठ
माझ्या फोनवर पाय मोडता येत नाही, दर वेळी वरून चिकटवतेय.

उद्यमनगरी
कुणाचा मोडायचाय? पत्ता द्या.