मदत हवी आहे: चुनखडीवरच्या जंगलमातीत सेंद्रिय कर्ब कसा मोजावा?

चुनखडीच्या खडकावर तयार झालेली डोंगरी जंगलमाती आहे. वरचा थर जेमतेम २० सेंमी, काळाभोर. बोटांत चुरला की मोहरीएवढे मऊ कण सुटतात. खाली लगेच फुटका खडक. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की खड्यांवर जोरात फसफसतं, बारीक मातीवर मात्र अगदी किंचित (फसफसणं म्हणजे चुना असल्याची खूण). वरचा बराचसा चुना पावसाने धुऊन नेलाय, सामू (pH) ६.८.

अडचण सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणाऱ्या कार्बनची. कोरड्या ज्वलनात (नमुना जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात) चुन्यातला कर्बही धरला जातो आणि आकडा फुगतो. आधी आम्लाने चुना काढून माती धुवावी, तर ह्युमसचा (कुजून तयार झालेल्या काळ्या सेंद्रिय पदार्थाचा) विरघळणारा भागही पाण्याबरोबर जातो.

न धुता, आम्लाच्या वाफेने चुना काढण्याची पद्धत कोणी वापरली आहे का? नमुना आधी किती ओला करावा, किती तास ठेवावा?